धोक्याची सूचना देणारा म्हातारा

(अजमान येथे मराठी भाषक बेने इस्राएल कुटुंबांच्या घरगुती मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



सत्तरी ओलांडलेल्या परिचारिकेने मधुमेहावर बोलावे, रक्तदाबावर बोलावे, फार तर गुडघेदुखीवर बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी आज भयपटांविषयी बोलणार आहे. त्यांतही ज्या चित्रपटांत कोणी मारेकरी तरुण मुलामुलींना एकामागून एक ठार करीत जातो आणि ज्यांना इंग्रजीत ‘स्लॅशर’ म्हणतात, त्यांविषयी. घरातील तरुण मंडळी हे चित्रपट पाहतात, आणि एका छताखाली राहणाऱ्या आजीच्या डोळ्यांवर व कानांवर त्यांतले बरेच काही पडते. रक्तपाताचे मला नवल नाही. शस्त्रक्रियागृहात आयुष्य गेले. माझे लक्ष वेधून घेतले ते त्यांतील एका लहानशा पात्राने. कारण त्याचा आणि माझा व्यवसाय एकच आहे: धोक्याची सूचना देणे.

हे पात्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मोटारीत बसून पाचसहा तरुण रानातल्या घराकडे निघालेले असतात. वाटेत एखादा जुनाट पेट्रोलपंप लागतो किंवा गावाचा शेवटचा चौक लागतो. तिथे एक म्हातारा उभा असतो. कपडे मळलेले, दात पडलेले, नजर विचित्र. तो म्हणतो, तिकडे जाऊ नका. मुले हसतात, मोटार पुढे जाते, आणि पुढच्या दीड तासात त्याचे शब्द खरे होतात.

१९८० साली आलेल्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या अमेरिकन चित्रपटात हा म्हातारा सायकलवरून हिंडतो. गावकरी त्याला वेडा राल्फ म्हणतात. सरोवराकाठच्या शिबिरात काम करायला आलेल्या तरुणांना तो सांगतो की तुमचे मरण ओढवले आहे. पुढच्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या भागात तो पुन्हा सांगायला येतो आणि या खेपेस स्वतःच मारला जातो. १९७८ च्या ‘हॅलोविन’मध्ये सूचना देणारा माणूस मनोविकारतज्ज्ञ आहे. त्याच्याजवळ पदवी आहे, सुटलेल्या रोग्याची पुरती माहिती आहे, तरीही त्याच्यावर धड विश्वास बसत नाही. १९७४ च्या ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’मध्ये तर मोठी गंमत आहे, गंमत म्हणावी की भीषणता, हे तुम्ही ठरवा. पेट्रोलपंपाचा मालक मुलांना सांगतो की दुसऱ्यांच्या जुन्या घरांच्या वाटेला जाऊ नका. सल्ला अगदी योग्य. पण शेवटी कळते की हा गृहस्थ त्या खाटकांच्याच कुटुंबातला आहे.

त्या चित्रपटाचे दिग्दर्शक टोबी हूपर यांचे आपल्या या भूमीशी नाते आहे. त्यांनी दिग्दर्शित केलेला अखेरचा चित्रपट ‘जिन’ हा इथला, अमिरातींतला. तो २०१३ साली अबू धाबीच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. ओस पडलेल्या कोळीवाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात एक दांपत्य राहायला येते, अशी त्याची कथा आहे. अजमानहून किनाऱ्याने उत्तरेकडे गेले की रास अल खैमाच्या हद्दीत अल जझीरा अल हमरा नावाचे खरोखरीचे ओसाड गाव आहे. प्रवाळाच्या दगडांची घरे, मशीद, गल्ल्या, सर्व जागच्या जागी. माणसे मात्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस निघून गेली. आज लोक सांगतात की तिथे रात्री जाऊ नये, तिथे जिन आहेत. वास्तविक ते गाव मोत्यांच्या व्यापारावर जगत होते. तो व्यापार बुडाला, पोटापाण्याच्या वाटा दुसरीकडे निघाल्या आणि माणसे पांगली. घर ओस पडले की लोक त्यात भूत बसवतात. आपल्या कोकणातील गावांकडे पाहा. रेवदंडा, बोर्लई, नांदगाव येथे आपली प्रार्थनामंदिरे उभी आहेत आणि मिन्यानला दहा माणसे मिळत नाहीत. तिथेही कोणी भुताने कोणाला पळवलेले नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, मी शेवटी त्याकडे येणार आहे.

आपल्याकडे हा सूचक निराळ्या वेषात येतो. १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्ये वाडवडिलांच्या अपमृत्यूची हकिकत ऐकूनही नायक गावच्या हवेलीत राहायला येतोच. रामसे बंधूंच्या चित्रपटांत हातात कंदील घेतलेला चौकीदार असतो. २०१६ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतला नाईकांच्या घरचा पांडू तर याहून पुढचा. त्याला काहीतरी सांगायचे असते आणि नेमके तेच तो विसरतो! परंतु आपल्या मुलखातील अस्सल सूचक चित्रपटांच्या कितीतरी आधीचा आहे. तो म्हणजे पिंगळा. पिंगळा हे एका लहान घुबडाचे नाव, ज्याच्या ओरडण्यावरून शकुन-अपशकुन काढीत. त्याच नावाचा भिक्षेकरी सूर्योदयापूर्वी हातात कुडमुडे आणि कंदील घेऊन दारोदार फिरे आणि घरावर येणारे बरेवाईट सांगे. संत एकनाथांनी पिंगळ्याच्या आणि जोशाच्या तोंडून भारुडे रचली, इतका तो लोकांच्या ओळखीचा होता. पिंगळा आणि वेडा राल्फ यांच्यात मोठा भेद आहे. पिंगळ्याला लोक दारात उभे करीत, सुपातून धान्य देत, त्याचे ऐकून घेत. मोटारीतली मुले काच वर करतात.

आता प्रश्न असा की मुले का ऐकत नाहीत? याचे सोपे उत्तर असे की ऐकले तर चित्रपट तिथेच संपेल. ते खरेच आहे. पण परिचारिकेच्या नजरेने मी त्या म्हाताऱ्याकडे पाहिले तेव्हा त्याच्या सूचनेतच तीन उणिवा दिसल्या. पहिली, तो धोका काय आहे ते सांगत नाही. मरण, शाप, रक्त असे मोठमोठे शब्द वापरतो. परंतु कोण, कुठे, केव्हा याचा पत्ता नाही. दुसरी, तो काय करावे हे सांगत नाही. जाऊ नका म्हणतो, पण रात्र झाली आहे, पेट्रोल संपले आहे, मग राहायचे कुठे? तिसरी, तो सांगून मोकळा होतो. मोटार पुढे गेली की तो पुन्हा आपल्या खुर्चीवर बसतो. पोलिसांना कळवीत नाही, रस्त्यावर आडवा होत नाही.

ही तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. २०१२ साली आलेल्या ‘द केबिन इन द वुड्स’ या चित्रपटाने ती उघड करून दाखवली. त्यात जमिनीखालच्या कार्यालयात बसून काही कर्मचारी हा सर्व संहार घडवून आणतात. तरुणांचा बळी द्यायचा आहे, पण नियम असा की त्यांनी आपल्या मर्जीने त्या वाटेला जावे. म्हणून पेट्रोलपंपावरचा म्हातारा मुद्दाम नेमलेला आहे. त्याने सावध केले आणि तरीही ती गेली, म्हणजे दोष त्यांचा. सूचना ही तिथे जीव वाचवण्यासाठी नाही. मारणाऱ्याचे हात धुण्यासाठी आहे.

हे पाहून मला हसू आले नाही, कारण ही पद्धत मी चित्रपटाबाहेर पाहिली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाकडून संमतिपत्रावर सही घेतात. ते पत्र रुग्णाच्या हिताचे आहे. त्याला आपल्या शरीरावर काय होणार हे कळलेच पाहिजे. परंतु मी एका रुग्णालयात असताना ते पत्र रुग्णाला न येणाऱ्या भाषेत पुढे सरकवले जाई, सही होई, आणि पुढे काही विपरीत घडले की त्याच सहीवर बोट ठेवले जाई. “आम्ही सांगितले होते.” मित्रहो, या तीन शब्दांपासून आपण सावध राहिले पाहिजे. ते बोलणारा माणूस बहुधा स्वतःचा बचाव करीत असतो.

आपल्या धर्मशास्त्रात सूचनेविषयी जितका खोल विचार झाला आहे तितका क्वचितच कुठे झाला असेल. सदोमचा नाश होणार हे कळल्यावर लोट आपल्या जावयांकडे गेला आणि म्हणाला, निघा येथून. त्यांना वाटले, हा थट्टा करतो आहे. मोटारीतल्या हसणाऱ्या मुलांचे हे पहिले रूप. यिर्मया संदेष्ट्याने लिहून दिलेला सूचनेचा ग्रंथपट राजा यहोयाकीमने हिवाळ्याच्या वाड्यात शेगडीपुढे बसून चाकूने कापला आणि विस्तवात टाकला. पुढे त्याच संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीत सोडले. यहेज्केल संदेष्ट्याला देवाने पहारेकऱ्याची उपमा दिली. तलवार येताना पाहून पहारेकऱ्याने शिंग फुंकले नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याला विचारला जाईल. म्हणजे गप्प बसण्याची मुभा आपल्याला नाही.

याच्याही पुढे आपल्या ऋषितुल्य आचार्यांनी ‘हतराआ’ नावाचा नियम बांधला. देहान्ताच्या गुन्ह्यात कोणालाही शिक्षा देण्यापूर्वी न्यायालयाने विचारायचे, याला आधी सावध केले होते काय? ते गुन्ह्याच्या आगेमागे काही दिवस चालत नाही. कृत्याच्या ऐन क्षणापूर्वी केलेले असले पाहिजे. नेमकी कोणती शिक्षा होईल ते सांगितलेले असले पाहिजे. आणि त्या माणसाने, मला कळले, तरीही मी हे करतो, असे तोंडाने म्हटलेले असले पाहिजे. असे कोण म्हणणार? परिणामी ती शिक्षा देणे जवळजवळ अशक्य होऊन बसले, आणि आचार्यांची इच्छाही बहुधा तीच होती. पाहा, चित्रपटातली सूचना मरणाचा मार्ग मोकळा करते. आपल्या शास्त्रातली सूचना मरणाच्या वाटेत धोंडा घालते. दोघांचे शब्द सारखे असू शकतात, हेतू उलट असतो.

आणि योना! आपल्या वाडवडिलांनी ज्याला दरफालनीचा सण म्हटले त्या किप्पूरच्या दिवशी, दुपार कलताना, उपासाने डोके जड झालेले असताना आपण योनाचे पुस्तक ऐकतो. निनवेच्या रस्त्यावर उभे राहून योनाने दिलेली सूचना मूळ हिब्रू भाषेत अवघ्या पाच शब्दांची आहे. त्या म्हाताऱ्याच्या सूचनेइतकीच ती त्रोटक आहे. पण निनवेने ऐकले. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला आणि नगर वाचले. जगातील सर्वांत यशस्वी सूचक तो. आणि तो संतापला! मी सांगितले ते घडले नाही, आता माझी काय पत राहिली, असा त्याचा राग. देवाने त्याला एका वेलीच्या सावलीतून धडा दिला. भयपटात सूचना देणारा खरा ठरतो आणि माणसे मरतात. योनाच्या कथेत सूचना देणारा खोटा ठरतो आणि माणसे जगतात. आपण दुसऱ्याला सावध करतो तेव्हा आपल्या मनात कोणती इच्छा आहे, हे प्रत्येकाने तपासावे. आपले म्हणणे खरे ठरावे ही, की ते कधीच खरे ठरू नये ही?

वैद्यकाच्या इतिहासातही असा एक वेडा ठरवलेला सूचक आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांच्या ध्यानात आले की ज्या प्रसूतिकक्षात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करतात तिथे बाळंतिणी ज्वराने फार मरतात आणि सुइणींच्या कक्षात त्या मानाने कमी. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. सेमेलवाइसांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. शंभरात दहाच्या वर जाणारे मृत्यू एकदोनांवर आले. एवढा पुरावा असूनही वैद्यकजगताने त्यांना मानले नाही. त्यात जगाचा दोष मोठा. पण त्यांनीही आपले म्हणणे ग्रंथरूपाने मांडायला १८६१ साल उजाडू दिले, आणि नंतर विरोधकांना उघड पत्रे लिहून खुनी म्हटले. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. खुनी म्हटल्यावर कोण हात धुवायला उठेल? समोरचा माणूस आधी आपली अब्रू सांभाळतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. डॉक्टर जेरुशा झिराड, आपल्या समाजातील कन्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. त्यांनी मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांची पद्धतशीर पाहणी केली. बाळंतिणी मरतात हो, असा टाहो फोडण्याऐवजी किती मेल्या, कशाने मेल्या आणि त्यांतल्या कोणत्या वाचवता आल्या असत्या, हे शोधण्याचा तो मार्ग. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या पिढीच्या परिचारिकांना त्या आदर्श होत्या.

वॉर्डमध्ये आम्हाला सूचना देण्याची रीतच शिकवली जाई. मध्यरात्री डॉक्टरांना दूरध्वनी करून, “सर, पेशंट बरा दिसत नाही,” असे म्हटले तर झोपेतला डॉक्टर म्हणणार, “सकाळी पाहू.” त्याऐवजी म्हणावे: “सात नंबरच्या बाई, आज दुपारी शस्त्रक्रिया झालेल्या. नाडी नव्वदवरून एकशे तीसवर गेली, रक्तदाब उतरतो आहे, पोट ताठ लागते. मला आतल्या रक्तस्रावाची शंका आहे. तुम्ही आत्ता या. तोवर मी रक्तपेढीला कळवते.” हा डॉक्टर चप्पल शोधत बसत नाही. आजकाल या रीतीला एसबीएआर असे नाव आहे: स्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि सुचवलेली कृती. अमेरिकेच्या आण्विक पाणबुड्यांवर ती रूढ झाली आणि तिथून रुग्णालयांत आली. वेड्या राल्फला ही चार पायऱ्यांची रीत कोणी शिकवली असती तर त्या शिबिरातली निम्मी मुले घरी परतली असती!

सूचनेला आणखी एक शत्रू आहे, अति सूचना. अतिदक्षता विभागात यंत्रे दिवसभर वाजतात. बहुतेक वेळा बोटावरची चिमटी निसटलेली असते. शंभरदा खोटे वाजलेल्या यंत्राकडे एकशे एकाव्या खेपेस कोणाची मान वळत नाही. इथल्या मनोऱ्यांत राहणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. आगीची घंटा वाजली की आपण म्हणतो, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फोडणी जळली असेल. पण मार्च २०१६ मध्ये याच शहरात ‘अजमान वन’च्या मनोऱ्यांना लागलेली आग आठवा. घंटा वाजली की जिना उतरायचा. खोटी असेल तर पायांना व्यायाम झाला असे समजायचे.

चांगली सूचना कशी असते तेही याच देशात दिसते. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर अंगमेहनतीचे काम करण्यास इथे बंदी असते. ऊन वाईट आहे, जपा, एवढे म्हणून सरकार थांबले असते तर मजुराने काय केले असते? मालक म्हणाला काम कर की करावेच लागते. नियमाने त्याला तास मिळाले, सावली मिळाली. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक. हवामान खात्याने आधी सांगितले होते, आणि त्यासोबत शाळा व सरकारी कचेऱ्या घरून चालवण्याची व्यवस्थाही केली होती. पाण्याने हाल झालेच. पण जो घरी होता त्याला घरी राहण्याची सोय कोणीतरी करून दिली होती.

आता आपल्या मुलखाकडे वळते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेवर माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला ते कळले एस.टी.च्या चालकामुळे, नेहमीच्या फेरीला तो आला आणि गाव जागेवर नव्हते. त्यापूर्वी तीन वर्षे, ऑगस्ट २०११ मध्ये, डॉक्टर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाचा अहवाल केंद्र सरकारला दिला होता. कोणता भाग किती नाजूक आहे, कुठे खाणी नकोत, कुठे उतार फोडू नयेत, आणि हे सर्व ग्रामसभांना विचारून ठरवावे, असे त्यात तपशिलाने होते. हा अहवाल काही महिने जाहीरच झाला नाही. नंतर त्याच विषयावर दुसरी समिती नेमली गेली. यहोयाकीमच्या शेगडीची आता गरज राहिलेली नाही. टेबलाचा खण पुरतो. त्यानंतर २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये गेले, ऐंशीहून अधिक माणसांसह. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी गेली. हा रायगड जिल्हा आहे. आपल्या नवगावचा, अलिबागचा, पेणचा, आपल्या आडनावांच्या गावांचा जिल्हा. एकेका दरडीचे कारण एकेका अहवालाशी जोडणे योग्य होणार नाही. पाऊसही अफाट होता. मात्र सूचना होती, तपशीलवार होती आणि उपायांसह होती. इथे उणीव सांगणाऱ्यात नव्हती. म्हणून मुलांनो, दोन्ही बाजू तोलून पाहा. सांगणाऱ्याने नीट सांगावे हे खरे. पण नीट सांगितलेले ऐकण्याचे कर्तव्य ऐकणाऱ्यावर आहे. म्हातारा कसा दिसतो यावर त्याच्या म्हणण्याची किंमत ठरवू नये.

आता जे खास सांगण्यासाठी मी उभी राहिले ते सांगते.

आपल्या समाजात, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींत, एक सूचना वर्षानुवर्षे दिली जात आहे: आपला समाज संपणार. माणसे इस्राएलला गेली, मुले परदेशी गेली, लग्ने बाहेर झाली, मराठी गेली, मलिदा गेला, आता काही उरत नाही. लग्नाच्या जेवणात हे ऐकू येते, अंत्यविधीला ऐकू येते. तरुण मुले ऐकतात, एकमेकांकडे पाहतात आणि मोटारीची काच वर करतात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी काय करायचे ते या सूचनेत कुठे आहे? मरण आहे, शाप आहे. स्थिती आहे, कृती नाही. ऐकून ऐकून ती त्या अतिदक्षता विभागातल्या यंत्रासारखी झाली आहे.

तीच गोष्ट रीतीने सांगता येईल. एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याला पोहे किती, गूळ किती, नारळ किती, फळे कोणती, हे तुझ्या आजीला ठाऊक आहे. या शुक्रवारी तिच्याजवळ बसून लिहून घे. गावच्या दफनभूमीत कोणाच्या कबरी आहेत ते काकांना आठवते. सुटीत जाशील तेव्हा त्यांना सोबत ने आणि नावे टिपून घे. महिन्यातून एक शाब्बाथ आमच्याकडे ये, जेवण मी करते, तू फक्त किद्दूश म्हण. चुकलास तर आम्ही सांभाळून घेऊ. असे म्हटल्यावर कोण हसेल? आणि हसलाच, तरी जेवायला येईल.

शरीराच्या बाबतीतही तसेच. इथे परमुलखात एकटे राहणारे आपले तरुण रात्री उशिरा जेवतात, दिवसभर बसून काम करतात, छातीत दुखले तर आम्लपित्त म्हणून गोळी घेतात. त्यांना, असेच वागलास तर मरशील, असे सांगू नका. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आणि दरदरून घाम असे झाले तर मोटार चालवू नकोस, ९९८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलाव, आणि दार उघडे ठेवून बस, असे सांगा. ही सूचना मी या खोलीतल्या प्रत्येकाला आत्ता देत आहे. फोनमध्ये तो क्रमांक आजच घालून ठेवा. मी कार्यक्रमानंतर तपासणार आहे.

इंग्रजीत या पात्राला ‘हार्बिंजर’ म्हणतात. अनिष्टाची वर्दी देणारा, असा आज त्याचा अर्थ घेतात. पण त्या शब्दाचा जुना अर्थ फार निराळा आहे. सैन्य किंवा राजाचा लवाजमा प्रवासाला निघाला की एक माणूस पुढच्या मुक्कामाला आधी जाई आणि सर्वांच्या निवाऱ्याची सोय करी, तो हार्बिंजर. पुढे जाऊन संकट पाहणे हे त्याचे अर्धे काम होते, मागून येणाऱ्यांसाठी आसरा शोधून ठेवणे हे उरलेले अर्धे. चित्रपटांनी पहिले अर्धे ठेवले आणि दुसरे टाकून दिले.

आपल्याजवळ मात्र दुसरे अर्धे शाबूत आहे. आपण बेने इस्राएल ज्याचे नाव सर्वांत अधिक घेतो, ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर आहे असे आपले वाडवडील मानीत आले, तो एलियाहू हन्नाबी हा आपला सूचक आहे. मलाखी संदेष्ट्याच्या अखेरच्या शब्दांत त्याचे काम सांगितलेले आहे. तो मोठ्या आणि भयंकर दिवसाच्या आधी येणार आहे. येऊन तो काय करणार? किंकाळी फोडणार नाही, शाप देणार नाही. तो आईबापांची मने मुलांकडे वळवणार आणि मुलांची मने आईबापांकडे. भयंकर दिवसाला तोंड देण्याची तयारी म्हणून देवाने एवढेच सुचवले आहे.